एका ओळीची संमती

तीर्थस्वरूप दादांना,
साष्टांग आणि थोडा बिचकत केलेला नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल, असं धरून चालतो. (पार पडलं, हे मला माहीत आहे. तुमची बहीण तुमच्याशी फोनवर बोलते तेव्हा मी शेजारीच वर्तमानपत्र घेऊन बसलेला असतो आणि अर्धा तास पान उलटत नाही.) इकडे आम्ही ठीक. हिची पाठ अधूनमधून धरते, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, आणि मुलगी नोकरीच्या गावी मजेत आहे असं ती स्वतःच सांगते. सकाळी देवापुढे बसलो की मी घरच्या सगळ्यांची नावं घेतो. त्यात तुमचं नाव गेली चार वर्षं एकही दिवस चुकलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा काही मजकूर असा आहे की तो वाचून तुम्ही पत्र मिटून ठेवाल.

पत्राला तसं विशेष कारण नाही. बऱ्याच दिवसांत बोलणं झालं नाही म्हणून लिहितो. म्हणजे दर रविवारी आपलं बोलणं होतंच. तुम्ही फोन करता, मी उचलतो, तुम्ही म्हणता, "तिला द्या," मी म्हणतो, "देतो." चार वर्षं आणि दोन महिने हेच संभाषण चालू आहे आणि त्यात एकदाही मतभेद झालेला नाही, ही समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे. पण सध्या मी ज्या कटकटीत सापडलो आहे ती त्या संभाषणात मावणारी नाही.

कटकट त्या वेळापत्रकाच्या प्रोग्रॅमची. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण पहिल्यापासून सुरू केल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट सांगता येत नाही. (हे तुमचंच माझ्याबद्दलचं मत आहे. बरोबर आहे.)

आमच्या शाळेतली माझी संगणकाची खोली तुम्ही पाहिली आहे. तिला एक खिडकी आहे, ती उघडत नाही; एक दार आहे, ते लागत नाही; आणि मी साहाय्यक आहे, तो कुणाचा हे अजून ठरलेलं नाही. बारा वर्षांपूर्वीपर्यंत वेळापत्रक उपमुख्याध्यापिकाबाई हाताने करत. भिंतीवर चादरीएवढा पुठ्ठा, त्यावर टाचण्यांनी टोचलेल्या रंगीत चिठ्ठ्या: गणित निळं, भाषा हिरवी, कवायत लाल. छत्तीस शिक्षक, अठ्ठावीस वर्ग. सगळी मोठी सुट्टी बाई शिडीवर उभ्या असत. त्या वर्षी टाचण्या संपल्या म्हणून शेवटच्या दीडेकशे चिठ्ठ्या त्यांनी नुसत्या टेबलावर जुळवून ठेवल्या होत्या, आणि शिपायाने चांगल्या मनाने पंखा लावला. बाई शिडीवरून उतरल्या, खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडल्या नाहीत. पण मला ते पाहवेना. त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. (आमच्या गावच्या शाळेत वेळापत्रक नव्हतंच. गुरुजी एक, खोली एक, वर्ग चार. गुरुजी ज्या कोपऱ्याकडे बघतील तिथे तास सुरू आणि बाकीचे तीन कोपरे रिकामे. मला वाटतं, त्या रिकाम्या कोपऱ्यांतच मी जे काही शिकायचं ते शिकलो. पण हा विषय आता नको, पुढे येणार आहे.)

प्रोग्रॅम चालला. बाईंनी शिडी देऊन टाकली. मग माझ्या मनात आलं, ही विद्या मला कुणी शिकवणी लावून दिलेली नाही. जगभरच्या अनोळखी माणसांनी आपलं लिखाण उघडं ठेवलं, ते वाचून मी शिकलो. मग आपलं कपाटात ठेवणं बरं नव्हे. म्हणून तो ओपन सोर्स केला, म्हणजे आतलं सगळं लिखाण उघड्यावर ठेवलं. कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, पुढे द्यावं. मला वाटलं होतं की दान दिलं की माणूस मोकळा होतो. दादा, या दानात घेणारा मोकळा होतो आणि देणारा जन्मभर दाराशी उभा राहतो.

कारण नुसतं उघडं ठेवून भागत नाही, सोबत परवाना लावावा लागतो, म्हणजे कोणत्या अटींवर दिलं याचा कागद. मी जो परवाना निवडला त्याची अट मला फार आवडली: यात भर घालून पुढे द्याल तर तुमची भरही अशीच उघडी ठेवा. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा सगळा मजकूर मी दोनदा वाचला होता. पण तो लावायचा जो तयार नमुना असतो त्यात असं वाक्य होतं, की 'दुसरी आवृत्ती, किंवा तुमच्या मर्जीनुसार यापुढची कोणतीही.' आता तिसरी आवृत्ती मी वाचायला घेतली होती, पण ती दुप्पट लांब आणि सहाव्या कलमापाशी माझा डोळा लागला. चौथी-पाचवी तर कुणी लिहिलेलीच नव्हती. आमच्या वडिलांनी मला आयुष्यात दोनच गोष्टी बजावून सांगितल्या, त्यातली एक म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करू नये. (दुसरी, सासरच्या माणसांशी वाद घालू नये. तिच्याकडे येतोच.) मी ते शब्द खोडले. जगातल्या कसलेल्या वकिलांनी विचार करून घातलेले शब्द शाळेतल्या साहाय्यकाने खोडले आणि वर अभिमानाने पंखा लावून बसला.

त्यानंतरची बारा वर्षं मी काय भोगतो आहे याची कल्पना यावी म्हणून एका सकाळचं सांगतो. शाळा भरण्याआधी मी टपाल उघडतो. (त्याआधी दहा मिनिटं हात जोडून बसतो. पूर्वी शांतीसाठी बसत असे. हल्ली एवढंच मागतो की आज कुणी 'तातडीचे' असा शेरा मारू नये.) एका मुख्याध्यापकांचं पत्र: तुमच्या प्रोग्रॅमने आमच्या चित्रकलेच्या बाई एकाच वेळी दोन वर्गांत घातल्या आहेत, लेखी खुलासा करावा. (त्यांनी बाईंचं नाव दोनदा भरलं होतं, एकदा माहेरच्या आडनावाने.) दुसऱ्याचं म्हणणं, वसतिगृहाचा जेवणाचा तक्ताही यातच बसवून द्या, आमचा स्वयंपाकी ऐकत नाही. तिसरा लिहितो, तुमचा प्रोग्रॅम टाकाऊ आहे, अजिबात चालत नाही, दुरुस्त केला नाहीत तर आम्ही वापरणं बंद करू. दादा, मी त्यांना हात जोडून 'बंद करा' असं लिहिणार होतो, पण मग त्यांनी उलटटपाली विचारलं असतं की बंद कसं करायचं.

मदतीला माणसं येतात, नाही असं नाही. पण ती कशाच्या मदतीला येतील याचा भरवसा नाही. एकदा शनिवार गायब व्हायला लागला. कुठल्याही शाळेत प्रोग्रॅम चालवा, आठवड्यात शनिवारच नाही. त्याच महिन्यात कुणीतरी 'जतन करा' या बटणाचा निळा रंग बदलावा का असा प्रश्न टाकला. निळ्यावर एकशे बेचाळीस उत्तरं आली, दोन माणसांनी संबंध तोडले, एकाने स्वतःचा वेगळा हिरवा प्रोग्रॅम काढला. शनिवारावर एकही उत्तर नाही. शनिवार शेवटी कासवाने आणला. कासव म्हणजे दूरच्या कुठल्यातरी देशातला एक जीव. त्याने आपल्या नावापुढे कासवाचं चित्र लावलं आहे, यापलीकडे मला नऊ वर्षांत काही कळलेलं नाही. बाई आहे की बुवा तेही नाही. महिन्याला चार शब्द लिहितं आणि बाकी सगळी दुरुस्ती करून ठेवतं. त्याचंही मी सकाळी नाव घेतो. देवाला कासव म्हटलं की कळत असावं.

तुमच्या बहिणीला हे सगळं पाहून माझी दया येते असं नाही. ती मला विचारते, "फुकट दिलंय ना? मग ओरडतात कशाला?"

मी म्हटलं, "फुकट दिलंय म्हणूनच."

"मग परत घ्या."

"घेता येत नाही. परवान्यात तसं आहे."

"मग परवाना लावायच्या आधी मला का नाही विचारलंत?" यावर परवान्यात काही कलम नाही.

आता मुख्य कटकट. एका अंधशाळेत भूगोलाचे एक शिक्षक आहेत. स्वतःही जन्मापासून पाहू शकत नाहीत. तीस वर्षं शिकवतात. त्यांचं वेळापत्रक रोज सकाळी शेजारच्या वर्गाच्या बाई त्यांना वाचून दाखवतात, आणि त्या बाई घाईच्या आहेत. गेल्या वर्षी बाईंनी वरची ओळ वाचली, भूगोलाचे सर खालच्या ओळीच्या वर्गात गेले आणि पाऊण तास नद्या शिकवून आले. त्या मुलांची त्या वेळी गाण्याची परीक्षा होती. त्यांनी मला लिहिलं, "मुलं शहाणी, एकानेही सांगितलं नाही. नद्या मात्र त्यांना आवडल्या. पण पृथ्वीवरच्या सगळ्या नद्या मला ठाऊक आहेत आणि माझा पुढचा तास कुठे हे मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, हे आता पुरे झालं." तर या माणसाने (वय चोपन्न!) स्वतः शिकून आपल्या प्रोग्रॅमला बोलतं केलं. शिक्षकाने बटण दाबावं आणि त्याने सांगावं: चौथा तास, सहावीचा वर्ग, वरचा मजला. मी ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ घामही आला. कारण त्यांनी तो बोलणारा भाग दुसऱ्या कुणाच्या ज्या तयार लिखाणावर उभा केला आहे त्याचा परवाना तिसऱ्या आवृत्तीचा. आणि आमचा दुसरीचा. यापुढची कोणतीही, हे शब्द असते तर दोन्ही सुखाने एकत्र नांदले असते. ते शब्द मी खोडले होते. आता ही दोन्ही लिखाणं एकत्र करून कुणालाही देणं परवान्यात बसत नाही. भूगोलाच्या सरांनी ते स्वतःच्या यंत्रावर वापरावं, हरकत नाही. पण त्यांच्या शाळेतल्या, त्यांच्यासारख्याच न दिसणाऱ्या बाकी अकरा शिक्षकांना आणि अशाच आणखी शाळांना आम्ही ते वाटू शकत नाही.

मला वाटलं, खोडलेले शब्द परत लिहू, त्यात काय. तेव्हा कळलं की प्रोग्रॅम माझा नाहीच. ज्याने ज्याने जी ओळ लिहून दिली ती ओळ त्याच्याच मालकीची राहते. मी नुसता राखणदार. अटी बदलायच्या तर ओळींच्या प्रत्येक मालकाला विचारलं पाहिजे. असे मालक, मी सोडून, अकरा. भूगोलाच्या सरांची शाळा येत्या एक तारखेला उघडते. त्याच्या आत अकरांची संमती आली तर वर्षाच्या पहिल्या दिवशी ते बारा शिक्षक आपापलं वेळापत्रक आपापल्या कानाने ऐकतील. नाही आली तर आणखी एक वर्ष त्या घाईच्या बाई.

गेले दोन महिने मी माणसं शोधतो आहे. मांजराचं चित्र लावणाऱ्या एकाचा ईमेल बंद पडलेला. कासवाने माग काढला, तर तो दातांचा डॉक्टर निघाला. मी दवाखान्यात फोन केला, कामाचं सांगण्याआधीच त्यांनी मला सोळा तारखेची वेळ देऊन टाकली. "दाढ नाही, संमती हवी आहे," म्हटलं, तर म्हणाले, "अहो, संमती पेशंट लिहून देतो, डॉक्टर नाही." समजावायला वीस मिनिटं गेली. (सोळा तारखेला मी गेलो. दाढ खरंच किडली होती.) आणखी एक सज्जन दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या पत्नीला पत्र लिहायचं होतं. ज्या बाईला या प्रोग्रॅमचं नावही माहीत नसेल तिला काय लिहावं? त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. त्यांनी लिहिलं होतं: "ह्यांनी हयातीत मला कुठल्याच गोष्टीत विचारलं नाही. तुम्ही विचारलंत. संमती आहे. त्यांनी नेमकं काय लिहिलं होतं ते एकदा मला सोप्या शब्दांत कळवाल का?" मी तीन पानं लिहून पाठवली.

आणि एक आहेत स्वल्पविराम. हे टोपणनाव कासवाने दिलं, कारण त्या गृहस्थांनी सात वर्षांपूर्वी प्रोग्रॅमसोबतच्या सूचनापत्रात एक स्वल्पविराम घालून दिला होता, तेवढंच. व्यवसायाने कायद्याचे सल्लागार. एका स्वल्पविरामावर मालकी लागते का, यावर त्यांनी स्वतःच नऊ पानं लिहिली. तीन आठवडे चर्चा झाली. शेवटी निष्कर्ष काढला की लागत नाही, तरीही मी उदार मनाने संमती देतो. मी आभार मानले. त्यावर त्यांनी आभारातल्या एका शब्दाला हरकत घेतली.

असे दहा झाले. अकरावे गृहस्थ गणिताचे शिक्षक आहेत. स्वभाव सरळ, अक्षर सुरेख, राग कमी पण टिकाऊ. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की माझं पेन थांबतं, म्हणून इथेच थांबतो. पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
(इथे काय लिहावं ते तीन दिवस सुचलं नाही. जागा मोकळी ठेवली आहे.)

ता. क. अकरावे गृहस्थ तुम्ही. हे तुम्ही पहिल्याच पानावर ओळखलं असणार, तुम्हाला उत्तर आधी दिसतं आणि पायऱ्या मागून. नऊ वर्षांपूर्वी सुट्टीत आला होतात तेव्हा माझ्या यंत्रावर बसून तुम्ही एक नियम लिहून दिला होता: जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला तास गणिताला देऊ नये. एकच ओळ. तिच्या शेजारी शेरा लिहिला होता, "पोट भरल्यावर अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत." तो शेरा मराठीत असल्याने परदेशातली माणसं दर वर्षी विचारतात की हे काय आहे, काढू का, आणि दर वर्षी कासव लिहितं, "हात लावू नका." (महिन्याच्या चार शब्दांतले तीन यात जातात.) सोबत संमतीचा कागद जोडला आहे. मान्य असेल तर खाली सही करा. मान्य नसेल तर तो तुमचा हक्क आहे, आणि मी पुन्हा विचारणार नाही. कागद पूर्ण वाचल्याशिवाय मात्र सही करू नका.

दुसरा ता. क. हे लिहायचं नव्हतं, पण नुसता सहीचा कागद पाठवला तर मी कामापुरता नातेवाईक ठरेन. चार वर्षांपूर्वीची ती दुपार. तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात, मी आतल्या, मध्ये एक पडदा. तुम्ही तुमच्या फोनवरून दुसरी सूचना पाठवली होती: प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात एक तास असा असावा की त्यात प्रोग्रॅमला काहीही घालता येऊ नये. त्याच आठवड्यात कुणीतरी माझ्यावर जाहीर आरोप केला होता की राखणदार आपल्या ओळखीच्यांचं आधी घेतो. मला ते फार लागलं होतं. नियम असा की जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, लेखी. म्हणून पडदा सरकवून चार पावलं चालत येण्याऐवजी मी प्रोग्रॅमच्या उघड्या पानावर, सगळ्या जगासमोर लिहिलं: "नाकारले. कारण: अनावश्यक. प्रोग्रॅमचे काम तास भरणे हे आहे, रिकामे ठेवणे नव्हे." तुमच्या फोनची घंटी मला आतून ऐकू आली. मग कप बशीवर ठेवल्याचा आवाज. मग तुम्ही हिला म्हणालात, "गाडीची वेळ झाली." गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

वशिला होऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं, दादा. नात्यातल्या माणसाला परक्यासारखं वागवलं की न्याय होतो, असं मला वाटलं. गेल्या वर्षी तीन वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांनी अगदी तीच मागणी केली, की आम्हाला एक रिकामा तास द्या. ते वाचताना मला गावच्या शाळेतले ते तीन रिकामे कोपरे आठवले. रोज सकाळी दहा मिनिटं काहीही न करता हात जोडून बसणारा माणूस तुम्हाला रिकामा तास अनावश्यक म्हणाला. तुमची सूचना मी परवा परत उघडली आहे. 'नाकारले' हा शब्द खोडता येत नाही. तिथे कुणाचंच काही खोडलं जात नाही, तेच त्या जागेचं वैशिष्ट्य. म्हणून त्याच्या खाली, सगळ्यांसमोर, लेखी लिहिलं आहे: "सूचना बरोबर होती. चूक माझी. राखणदार म्हणूनही आणि मेहुणा म्हणूनही." कासवाने विचारलं, मेहुणा म्हणजे काय. मी समजावून सांगितलं. त्यावर त्याचे या महिन्याचे चार शब्द आले: "मग फोन का नाही?"

तिसरा ता. क. प्रामाणिकपणे एक सांगितलं पाहिजे. स्वल्पविराम यांनी असं सुचवलं आहे की तुमची ओळ काढून टाकावी आणि तोच नियम दुसऱ्या कुणी नव्याने लिहावा. दोन मिनिटांचं काम, मग तुमच्या संमतीची गरजच उरत नाही. बाकीच्यांनाही ते पटलं आहे. तेव्हा तुम्ही सही केली नाहीत तरी भूगोलाच्या सरांचं अडणार नाही. मी राखणदार म्हणून तीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतली आहे. यात भावनेचा काही प्रश्न नाही, एक पद्धत म्हणून मागितली.

दादा, आता मी, तुझी बहीण. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून मी वाचलं. वाचू नकोस असं हे म्हणाले नव्हते. माझी पाठ चांगली आहे, धरते ती यांची, त्या यंत्रापुढे वाकून. आणि त्या संमतीला कागद-बिगद काही लागत नाही. दातांच्या डॉक्टरने नव्या ईमेलवरून एक शब्द लिहून पाठवला, त्या बिचाऱ्या बाईंच्या चार ओळी चालल्या. कागद, सही, टपाल हे फक्त तुझ्यासाठी काढलंय. पद्धत म्हणे! तुझी ओळ काढायला हे तीन वेळा बसले. तिन्ही वेळा उठले आणि गॅलरीतल्या झाडांना पाणी घालून आले. माझी दोन झाडं कुजली. तेव्हा तो कागद टपालाने पाठवायचा नाही, वहिनीला आणि गुडघ्याला घेऊन स्वतः द्यायला यायचं. आणि या रविवारी नेहमीच्या वेळेला फोन कर. मी घरी नसणार आहे.